चेनला लागू पडलेलं तेल

"आली तुझी सायकल किंचाळत, आणि उठवलं पोरीला," सासूबाई दारातच दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या कडेवर अडीच वर्षांची ठमी होती. डोळे टक्क उघडे, गाल लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले. झोपमोड झालेलं मूल असंच दिसतं, असं तिच्या आईला वाटलं.

ठमीची आई औषधांच्या दुकानात होती. रीतसर शिकलेली, पांढरा कोट घालणारी, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारी. सकाळी ठमीला आजी-आजोबांच्या हवाली करायचं, सायकलवर टांग मारायची आणि दुपारी तासभर जेवायला घरी यायचं, असा तिचा क्रम. त्या तासाभरात पोर गाढ झोपलेली दिसावी, एवढंच तिचं मागणं होतं. पण उन्हाळा लागला, रस्त्यात फुफाटा उडायला लागला आणि सायकलची चेन कुईकुई करू लागली. तेव्हापासून रोज दुपारी हीच कथा. संध्याकाळी ठमी किरकिर करून घर डोक्यावर घ्यायची. पोर वाळत चालली आहे, असं आईचं ठाम मत झालं. वजनाचा काटा वेगळंच सांगत होता, पण काटे बिघडतात, हे तिला माहीत होतं.

शेवटी तिनं नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं, की या आठवड्यात चेन गप्प झाली नाही तर मी नोकरी सोडणार. पोरीच्या झोपेपेक्षा नोकरी मोठी नाही. नवऱ्यानं बसनं जाण्याचं सुचवलं. बसची वाट बघण्यातच जेवणाची सुट्टी संपते, असं तिनं त्याला ऐकवल्यावर तो गप्प झाला. चेन नवऱ्याइतकी समजूतदार नव्हती.

पहिला उपाय घरचाच निघाला. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती. किती घालायचं, हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. मग तिनं आपल्या शिक्षणाला स्मरून मात्रा ठरवली: दोन-दोन थेंब, दिवसातून तीन वेळा.

"जेवणाआधी की जेवणानंतर?" सासऱ्यांनी विचारलं.

"जेवणानंतर," ती वाकून थेंब मोजत होती, त्यामुळे तिच्या तोंडून निघून गेलं.

सकाळी जाताना चेन खरंच मुकी झाली. ती खूश होऊन दुकानात गेली, तिथेही एक डोस देऊन झाला. पण तेलाला काय हवं असतं? सोबत. दुपारी परत येईपर्यंत रस्त्यावरची होती नव्हती तेवढी धूळ त्या तेलानं गोळा केली. चेनवर काळं पीठ मळल्यासारखं झालं आणि कुईकुईची जागा करकरीनं घेतली. वर पांढऱ्या कोटाच्या कडेला एक काळा पट्टा उठला. काउंटरवर खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका आजोबांनी तो पट्टा पाहिला आणि ते दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

"करकरीनं उठली आज," सासूबाईंनी कळवलं.

चेन आधी स्वच्छ धुवायला हवी, हे तिच्या ध्यानात आलं. जखम साफ केल्याशिवाय मलम लावत नाहीत, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं जुन्या डब्यात रॉकेल घेतलं, टूथब्रश घेतला (नवऱ्याचा, पण तो नवा आणणारच होता) आणि ओट्यावर बैठक मारून कडी न् कडी घासली. रॉकेलच्या वासानं सासू-सासऱ्यांचं डोकं उठलं, ते ठमीला घेऊन शेजारी जाऊन बसले. चेन मात्र अशी लखलखली, की तिनं ती नवऱ्याला दोनदा बोलावून दाखवली.

फक्त एक झालं. होता नव्हता तो ओशटपणा धुतला गेल्यामुळे कोरडीठाक चेन दुसऱ्या दिवशी असा टाहो फोडू लागली, की चौकातली माणसं बाजूला झाली आणि दोन कुत्री तिला घरापर्यंत पोहोचवायला आली.

"आज कोपऱ्यावरूनच ऐकू आलीस," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात का कोण जाणे, तक्रारीपेक्षा समाधान जास्त होतं. पण ठमीचे टक्क डोळे पाहून आईला तिकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

संध्याकाळी ती थेट सायकलच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानदारानं दोन बाटल्या पुढे ठेवल्या आणि त्यातली धूळ बसलेली तिच्याकडे सरकवली. हीच न्या, जास्त दिवस टिकते, असं त्याचं म्हणणं पडलं. तिनं धूळ पुसून बाटलीची पाठ वाचली.

"यावर पावसाळी दिवसांसाठी असं लिहिलंय."

"ताई, ऊन संपलं की पाऊसच येतो ना?"

"हे घट्ट आहे. याला धूळ चिकटेल. ती दुसरी दाखवा."

दुसरी कोरड्या हवेसाठी होती. तेल पातळ, कडीत मुरायचं, वरून सुकायचं आणि आत मेणासारखा पातळ थर ठेवायचं. मग तिनं त्याला यात काय काय घातलंय, बाटली उघडल्यावर किती दिवस चालते, उन्हात ठेवली तर काय होतं, हे सगळं विचारलं. तिच्यामागे पंक्चरसाठी थांबलेली माणसं आता ऐकायला जवळ आली होती.

"आणि लहान मुलानं बोट लावून चाटलं तर?"

"नाही चाटत कोणी. काही चवच नसते त्याला."

"तुम्हाला काय माहीत?"

दुकानदार छताकडे बघू लागला. तिनं बाटली घेतली आणि घरी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची जागा वाटेतच मुक्रर केली.

घरी मात्र वेगळंच वारं वाहत होतं. राहू दे गं आता, पोरीला सवय झालीय त्या आवाजाची, असं सासूबाईच म्हणू लागल्या. मुकी सायकल धोक्याची, माणसाला चाहूल लागली पाहिजे, असं सासऱ्यांनी जोडलं. ती बधली नाही. प्रत्येक कडीला एकेक थेंब, पेडल उलटं फिरवून तेल मुरवलं, रात्रभर सुकू दिलं आणि सकाळी वरचं तेल फडक्यानं पुसून काढलं. चेनला कुणी हात लावायचा नाही, हे तिनं अशा स्वरात बजावलं, की नवरा ओट्याकडेही फिरकला नाही.

त्या दुपारी ती परतली तेव्हा तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. चेन जणू नव्हतीच. तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि पाय न वाजवता खिडकीशी आली. गाढ झोपलेली लेक एकदा डोळे भरून पाहायची होती.

बिछान्यावर सुरकुती नव्हती. खोलीच्या मधोमध सासरे ओणवे होऊन रांगत होते, दातांत टॉवेलाचा लगाम होता. पाठीवर ठमी उड्या मारत होती, गाल लालबुंद, केस घामानं चिकटलेले. सासूबाई डब्यावर चमच्यानं टापा वाजवत होत्या.

"पुरे आता. येईल ती. कान उघडे ठेवा."

"कुठे आलाय आवाज? अजून एक फेरी होईल."

"कुई नाय आली," ठमीनं खात्री दिली. "कुई आली की गप्प बशायचं."

आईच्या तोंडात एक खणखणीत वाक्य तयार झालं. ते ओठांवर येतंय, तोच ठमी अशी खदखदून हसली, की घोड्यालाही हसू फुटलं आणि लगाम सुटला. अशी हसणारी पोर वाळलेली नसते, हे काट्याशिवायही दिसत होतं. तिनं वाक्य गिळलं. सायकल घेतली, कोपऱ्यापर्यंत मागे गेली आणि तिथून दारापर्यंत घंटी बडवत आली.

आत पडदे ओढलेले, सगळं चिडीचूप. ठमीनं डोळे इतके घट्ट मिटले होते, की नाकाला सुरकुत्या पडल्या होत्या. सासूबाई तिला थोपटत होत्या. आई शेजारी बसली आणि थोपटणं तिनं आपल्याकडे घेतलं. हळूहळू नाकाची सुरकुती विरली, मूठ सैल झाली आणि ढोंग करता करता पोर खरोखरच झोपी गेली. नोकरी सोडायचं तिच्या आईनं तिथल्या तिथे सोडून दिलं.

"चेन गप्प झाली हो एकदाची," सासूबाई कुजबुजल्या. "पण ती घंटी केवढी कर्कश. नशीब, जागी झाली नाही. तिचंही काहीतरी बघ."

"घंटी राहू दे, आई," ती तितक्याच हळू म्हणाली. "घोड्याला तबेल्यात जायला तेवढा वेळ लागतो."

सासऱ्यांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि घडी घालता घालता भिंतीकडे तोंड केलं.