आठवी चौकट

"अहो, रविवारी सहा वाजता आपल्याकडे किती माणसं यायची आहेत?"

गुरुवारी सकाळी बायकोनं हे विचारलं तेव्हा वेळापत्रक एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता. "कुणी नाही. का गं?"

"इथे छापलंय म्हणून विचारलं. प्रवेश विनामूल्य, सर्वांचं स्वागत, नंतर अल्पोपाहार. तो अल्पोपाहार कोण करणार आहे तेही छापून टाकायचं होतंत, म्हणजे मला आधी कळलं असतं."

वेळापत्रक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो शाळेत संगीत शिकवायचा, कुणी बोलावलं तर समारंभात व्हायोलिन वाजवायचा आणि गेली नऊ वर्षं गावच्या साप्ताहिकात ‘या आठवड्यात गाणं कुठे’ हे सदर लिहायचा. कोण, कुठे, किती वाजता, तिकीट आहे की नाही, सगळं त्यात असायचं. नऊ वर्षांत एक तारीख चुकली नव्हती, की एक पत्ता. गावातले सगळे वादक त्याला तोंडावर वेळापत्रक म्हणत आणि त्यालाही ते मनातून आवडे. त्याच्या वादनाबद्दल कुणी काही म्हणत नसे, तेव्हा निदान हे तरी होतं.

त्यानं पेपर हिसकावून घेतला. पान सात. सात चौकटी अगदी बरोबर होत्या. आठवी त्यानं दोनदा वाचली.

आता ही आठवी चौकट म्हणजे काय भानगड होती ते सांगायला हवं. संपादकांचा हट्ट असा, की चौकटी आठ म्हणजे आठ. सात असल्या की पान लंगडं दिसतं. पण दर आठवड्याला आठ कार्यक्रम व्हायला हे गाव म्हणजे काही राजधानी नव्हतं. म्हणून वेळापत्रक मंगळवारी सात खऱ्या चौकटी भरायचा आणि आठवीत जागा अडवायला एक खोटी मैफल लिहून ठेवायचा. बुधवारी कुणाचा ना कुणाचा फोन यायचाच. मग खोटी खोडून खरी घालायची. खोट्या मैफलीचा पत्ता त्याच्या घरचा, कारण तो पाठ होता. चौकशीसाठी फोन त्याचाच. आणि कलाकार? लिहायचंच आहे, तर जी मैफल ऐकायला आपण अनवाणी धावत जाऊ तीच का लिहू नये, म्हणून त्यात त्यानं आपल्या व्हायोलिनच्या बाईंचं नाव घातलं होतं. ‘बाईंचं एकल व्हायोलिनवादन, अमुक वर्षांनी प्रथमच.’ दरवर्षी त्यातला आकडा तेवढा तो बदलायचा. यंदा अकरा होता.

या बुधवारी शाळेत एक्केचाळीस मुलांची गाण्याची परीक्षा होती. एक्केचाळीस वेळा तेच गाणं ऐकून तो घरी आला, मजकूर पाठवला आणि आडवा झाला. खोडायचं राहून गेलं.

"बाईंना कळलं तर?" तो मटकन खुर्चीत बसला.

बाईंनी त्याला आठव्या वर्षापासून शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी नगरभवनात त्यांचं वादन रंगात आलेलं, अगदी हळुवार जागा चाललेली, आणि दुसऱ्या रांगेत एकाचा मोबाइल वाजला. बरं, वाजला तर वाजला. त्या गृहस्थानं तो घेतला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काही नाही रे, बोल तू. इथे नुसतं व्हायोलिन चाललंय." बाईंनी गज खाली घेतला, व्हायोलिन पेटीत ठेवलं, दोन्ही खटके लावले आणि त्या घरी गेल्या. त्यानंतर चार माणसांसमोरसुद्धा वाजवलं नाही; शिकवण्या चालू होत्या, पण त्याही पेटी बंद ठेवून, नुसतं तोंडानं सांगून. एकदा यानं धीर करून तो विषय काढला होता, तर बाई आठ महिने त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आणि आता त्यानं तो थेट छापला होता.

त्यानं संपादकांना फोन लावला.

"छापलं ते छापलं," संपादक म्हणाले. "दुरुस्ती देऊ की पुढच्या गुरुवारी. पान दोन, खालच्या कोपऱ्यात."

"अहो, तोवर रविवार होऊन गेलेला असेल!"

"मग दुरुस्तीची गरजच काय?" संपादकांनी फोन ठेवला.

पहिली चौकशी नऊ वाजता शिक्षकांच्या खोलीत असतानाच आली. आवाज एका आजोबांचा होता. "खरंच वाजवणार का हो बाई? नाही, मी काठी घेऊन चालतो. दोन गल्ल्या यायला मला वीस मिनिटं लागतात, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो."

"चूक झाली" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण नऊ वर्षं न चुकलेल्या माणसाच्या जिभेला त्यांची सवय नव्हती. तो म्हणाला, "कार्यक्रम रद्द झालाय. बाईंची तब्येत बरी नाही."

"अरेरे," आजोबा म्हणाले. ते ‘अरेरे’ इतकं मनापासूनचं होतं, की वेळापत्रकाला स्वतःची लाज वाटली. पण थाप मात्र सोयीची निघाली. गाडी कुठे लावायची, लहान मूल चालेल का, अल्पोपाहारात गोड आहे की तिखट, कुणी काहीही विचारो, उत्तर एकच. शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्यानं ती सदतीस वेळा मारली.

जिन्यात घरमालकांनी अडवलं. ते दातांचे डॉक्टर होते; खाली दवाखाना, वर हे भाडेकरू. "मास्तर, रविवारी संध्याकाळी माझा दवाखाना भरलेला असतो. जिन्यात गर्दी चालणार नाही. आणि सातनंतर वाद्य नाही, करारात आहे."

"डॉक्टर, एक माणूस येणार नाही. जबाबदारी माझी."

शनिवारी बायको बाजारातून आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाईंना बरं नाही म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"फळवाल्यानं. त्याच्याकडची सफरचंदं संपली. सगळी बाईंकडे गेली. जुन्या विद्यार्थिनी भेटून येतायत, एकीनं तर डॉक्टरला फोन केला." तिनं कमरेवर हात ठेवले. "आता तरी जाल की नाही? जा आणि पाय धरा."

आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. बाई पेपर घेत नाहीत, त्यांना काही कळणार नाही, या भरवशावर त्यानं तीन दिवस काढले होते. तो निघाला. वाटेत त्यानं वाक्य घोकलं, बाईंच्या दारापर्यंत ते तोंडपाठही झालं. पण बेलकडे बोट नेलं आणि आतून व्हायोलिन ऐकू आलं. कुणीतरी एकच जागा पुन्हा पुन्हा वाजवत होतं आणि दर वेळी तिथेच अडखळत होतं. ‘नवीन विद्यार्थिनी दिसतेय,’ त्यानं मनात म्हटलं. ‘करंगळीला वळण नाही अजून. बाईंना फार कष्ट पडणार हिच्यावर.’ शिकवणी चालू असताना मध्ये आलेलं बाईंना खपत नसे. त्यानं मोठ्या आनंदानं बोट मागे घेतलं आणि घर गाठलं.

रविवारी साडेपाचला तो खिडकीत जाऊन बसला. रस्ता रिकामा. पावणेसहाला रिकामा. एक कुत्रं आलं, त्यानं खांब हुंगला आणि तेही गेलं. "जमलं!" तो बायकोला म्हणाला. "एकसुद्धा माणूस नाही!"

तेवढ्यात बेल वाजली.

दारात बाई होत्या. एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी.

"ही धर सफरचंदं," त्या आत येत म्हणाल्या. "घरी चार डझन झालीत. आणि मला काय झालंय?"

"अं? बाई?"

"गावभर सांगत सुटलायस ना, मी आजारी आहे म्हणून? काय झालंय मला, ते मलाही कळू दे."

"ताप," वेळापत्रक म्हणाला.

"किती?"

"एकशे... एक."

"गुरुवारी शेजारणीनं पेपर आणून दाखवला तेव्हा आला असेल." बाई खुर्चीवर टेकल्या. पेटीचे दोन खटके त्यांनी एकामागून एक उघडले. "तुझा कान उपटायलाच निघाले होते. चपला घातल्या होत्या पायात. मग म्हटलं, मी काय म्हणेन ते याला पक्कं ठाऊक आहे. तरी यानं छापलं. अकरा वर्षांत एकाची छाती झाली नव्हती ती या भित्र्या पोराची झाली. पेटी उघडली. तारा गंजल्या होत्या, नव्या लावल्या. तीन दिवस रियाज केलाय, बोटं ऐकत नाहीत." त्यांनी मान वर केली. "तुला लोकांची भीती वाटली, म्हणून थाप मारलीस ना? कळलं मला. लोकं आली असतील तरी थोडीफार. कुठे आहेत?"

वेळापत्रकानं उघड्या पेटीकडे पाहिलं. चूक झाली म्हणावं, तर ही पेटी पुन्हा बंद होणार, आणि ती कायमची. गप्प बसावं, तर समोर रिकामी भिंत. सदतीस माणसं त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवली होती. त्यांतलं एक जरी आत्ता दारात उभं असतं, तरी त्यानं त्याचे पाय धुतले असते.

"येतायत, येतायत," बायको म्हणाली. "तुम्ही तारा जुळवा, बाई." आणि तिनं नवऱ्याला दाराबाहेर ढकललं.

तो तीन-तीन पायऱ्या उतरून दवाखान्यात घुसला. बाकांवर माणसं बसली होती. आत डॉक्टर कुणाच्या तरी जबड्यात डोकावत होते.

"डॉक्टर, तुमचे पेशंट द्या!"

"काय?"

"अर्ध्या तासासाठी. जसे नेले तसे परत आणून देतो."

"परवा म्हणालात, एक माणूस येणार नाही!"

"तेच तर झालंय ना!" असं म्हणून तो रडायच्या बेताला आला आणि उभ्या उभ्या सगळं खरं सांगून टाकलं. चौकट, थाप, ताप, सगळं. ‘चूक झाली’ हे शब्द चार वेळा आले आणि काही आकाश कोसळलं नाही.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "तिघांना भूल दिलीय, त्यांना वीस मिनिटं बसायचंच आहे. दोघांच्या तोंडात बोळे आहेत, बोलायला मनाई."

"असेच हवेत मला!"

दहा मिनिटांत वरची खोली भरली. सुजल्या गालाची एक बाई, बोळा चावत बसलेला बसचा ड्रायव्हर, लांब चेहऱ्याचे दोघे भाऊ, आणखी चौघं. सगळे आपापली खुर्ची घेऊन आले. स्वतः डॉक्टर दाराशी उभे राहिले. वेळापत्रकाच्या बायकोनं पातेलं फिरवून प्रत्येकाचा मोबाइल काढून घेतला आणि झाकण ठेवून ते बाथरूममध्ये नेऊन ठेवलं.

बाईंनी खोलीवर नजर फिरवली. कुणी हसत नव्हतं, कुणी कुजबुजत नव्हतं. तिघांनी तर गालावर हात ठेवला होता. "जाणकार दिसतायत," त्या हलकेच म्हणाल्या आणि हनुवटीखाली व्हायोलिन धरलं.

सुरुवातीला गज थोडा कापला. मग नाही कापला. पुढे हळुवार जागा आली आणि एका ठिकाणी करंगळी अडखळली. वेळापत्रकाच्या अंगावर काटा आला. हीच जागा. काल दाराबाहेर उभं राहून आपण हिला वळण नाही म्हणालो, ती करंगळी हीच. बाईंनी ती जागा पुन्हा घेतली, पुन्हा अडखळल्या, आणि तिसऱ्यांदा ती अशी काही लागली, की बसच्या ड्रायव्हरनं बोळ्यासकट "आहा" केलं. वेळापत्रकाचे डोळे भरून आले. नऊ वर्षं खोटी लिहिलेली मैफल त्याच्याच खोलीत, त्याच्याच पडद्यांसमोर चालली होती.

आणि मोबाइल वाजला.

खणखणीत वाजला. सगळ्यांनी बाथरूमकडे पाहिलं. आवाज तिथून येत नव्हता. तो वेळापत्रकाच्या खिशातून येत होता. इतरांचे फोन गोळा झाले होते; तीन दिवस चौकशा झेलणारा त्याचा स्वतःचा फोन खिशातच होता.

गज थांबला. बायकोनं डोळे मिटून घेतले. फोन वाजतच राहिला.

"घे," बाई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं.

"नको, बाई..."

"घे म्हणते ना."

त्यानं घेतला. खोली इतकी शांत, की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मी बोलतोय, काठीवाला. रद्दच आहे ना हो नक्की? नाही, मी आपला तयार होऊन बसलोय, म्हणून म्हटलं एकदा विचारून घ्यावं."

वेळापत्रकानं बाईंकडे पाहिलं. व्हायोलिन हनुवटीखालून निघालं होतं, पेटी उघडीच होती, खटके वर होते.

"नाही आजोबा," तो म्हणाला. "रद्द नाही. चूक माझी झाली. बाई वाजवतायत. आत्ता, इथे बाई वाजवतायत. तुम्ही या."

त्यानं फोन बंद केला आणि मान खाली घालून खटक्यांच्या आवाजाची वाट पाहत उभा राहिला.

"कुठे राहतात ते?" बाईंनी विचारलं.

"दोन गल्ल्या सोडून. पण काठी घेऊन चालतात. वीस मिनिटं लागतील म्हणाले."

"मग थांबू या," बाई म्हणाल्या. "ते आले की पहिल्यापासून घेते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. साडेसहा वाजून गेले होते. करारातली सातची अट त्यांच्या ओठांवर आली असावी, कारण ओठ हलले. मग ते म्हणाले, "तोवर कुणाची भूल उतरत असेल तर सांगा, खाली जाऊन थोडी वाढवून देतो," आणि आजोबांसाठी हात टेकायची खुर्ची आणायला गेले.