गोगट्याचं खालचं बाथरूम

गोगटे कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेला की चहाच्या आधी बाथरूममध्ये जायचा, फ्लश दाबायचा आणि कान देऊन ऐकायचा. बेसिनमधून गुडगुड आवाज आला, तर बाहेर येऊन सांगायचा, "तुझ्या घराला दम लागतो रे." नाही आला, तर "छान, श्वास चालू आहे." आमच्या वास्तुशांतीला त्यानं हे ऐन आरतीत केलं होतं.

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात तो आमच्या समोर राहतो. मूळचा सांगलीचा, नोकरी सॉफ्टवेअरची. लॉकडाउनमध्ये लोक पाव भाजायला शिकले, गोगटे ड्रेनेज शिकला. त्याचं घर उतारावर. खाली, गॅरेजच्या मागं, जमिनीत अर्धी रुतलेली एक खोली. तिला लागून त्याला बाथरूम बांधायचं होतं.

संध्याकाळी आम्ही दीड मीटर अंतर ठेवून चालायला जायचो, तेव्हा माझी शिकवणी व्हायची. सांडपाण्याला दोनच गोष्टी लागतात, तो म्हणायचा, उतार आणि हवा. उतार कमी पडला तर घाण तुंबते. छपरापर्यंत हवेचा पाइप नसला, तर धावणारं पाणी बेसिनखालच्या वाकड्या नळीतलं, वास अडवणारं पाणीही ओढून नेतं आणि गटाराचा वास घरात येतो. त्याची पंचाईत अशी, की गटाराची लाइन खालच्या फरशीपेक्षा जेमतेमच खोल. उतार कसाबसा बसत होता. त्यानं नकाशामागून नकाशे काढले. टोनी नावाचा प्लंबर ते फोनवर बघून "नो वरीज, मेट" म्हणायचा आणि गोगटे अस्वस्थ व्हायचा. याला काळजी कशी नाही?

वर दोन बाथरूम असताना हा खटाटोप कशाला, असं मी एकदा थट्टेनं विचारलं. मग त्यानं सांगितलं. आदल्या वर्षी त्याची आई आली होती. गुडघ्यांमुळे तिची सोय खालच्या खोलीत केली होती, पण बाथरूम वर. जिना ती बसून, एकेक पायरी सरकत चढायची, घरात कुणी नसताना. आणि फार वेळा चढावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायची नाही. हे त्याला ती सांगलीला परत गेल्यावर बायकोकडून, मेधाकडून कळलं.

"मला एका शब्दानं बोलली नाही रे," तो म्हणाला.

विमानं बंद होती. आई येईपर्यंत वेळ आहे, म्हणून तो नकाशे सुधारत बसला. पुढच्या वर्षी सांगलीत आईला कोविड झाला आणि आठ दिवसांत ती गेली. जाणं शक्यच नव्हतं. चुलतभावानं स्मशानातून फोन धरला होता. मधेच रेंज गेली, तरी गोगटे काळ्या स्क्रीनकडे बघत राहिला. मी शेजारी बसलो होतो.

आता बाथरूमचं राहील, असं आम्हाला वाटलं. टोनीनंही हळूच विचारून पाहिलं. गोगट्यानं त्याला तारीख दिली. फरशी फोडून पाइप टाकले तेव्हा गोगटे स्वतः खड्ड्याशी गुडघे टेकून, उतार मोजायची पाणसळ पाइपावर ठेवून बघत होता. टोनीनं त्याला अडवलं नाही.

प्रवास सुरू झाल्यावर माझी आई आली. गोगट्यानं आम्हाला जेवायला बोलावलं, पानं खालच्याच खोलीत मांडली. जेवताना आईला उठावं लागलं. माझ्या आधी गोगटे उठला. हात धरून तिला दारापर्यंत नेलं, आतून कडी लावू नका म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बाहेर उभा राहिला. मेधानं वरण गार होतंय म्हणून हाक मारली. तो हलला नाही.

आई बाहेर आल्यावर त्यानं पुन्हा तिचा हात धरला.

"आईलाही असंच नेत होतास का रे?" तिनं विचारलं.

"नाही हो, काकू," तो म्हणाला. "तेव्हा मी ऑफिसात असायचो."

आई खुर्चीवर बसली तरी हात त्याच्याच हातात होता. तिनं तो सोडवून घेतला नाही. डाव्या हातानं आपलं पान जवळ ओढलं आणि त्याला म्हणाली, "बस इथंच."