चाटण घालायचं आणि हाकलायचं

रानातल्या भेकरांसाठी स्वतःच्या हाताने मिठाचं चाटण घालायचं, आणि ती चाटायला आली की टाळ्या पिटून त्यांना पळवून लावायचं, असा माणूस पाहिलाय तुम्ही? मी पाहिलाय. रोह्याला जंगल खात्याच्या कचेरीत मी कारकून होतो आणि बाळारामदादा आमचे वनमजूर. नऊ वर्षं मी त्या टाळ्या ऐकल्या.

दादा मूळचे जित्याजवळच्या खाडीकाठचे. बांध फुटून घरचं मिठागर बुडालं तसे ते आमच्याकडे आले, पण मीठ काही सुटलं नाही. हॉटेलात वडा मागवला तरी खिशातल्या पुडीतलं खडेमीठ वर भुरभुरायचे. पाकिटातल्या मिठाला ते ‘पावडर’ म्हणत, आणि तेही नाक मुरडून. चाटणाचं मीठ आणायला स्वतः पेणला जात. त्यात वारुळाची माती आणि गुरांच्या दवाखान्यातली क्षारांची पूड मळून घमेल्याएवढा गोळा करत. गोळा वाळला की आधी स्वतः चाटून बघत.

"अहो दादा, काय हे?"

"जे मी खानार नाय ते त्यांना कसं घालू, भाऊसाहेब?"

मी कपाळावर हात मारला. पण खोटं कशाला सांगू, त्यांच्या चाटणावर भेकरं यायची तेवढी आसपासच्या कुठल्याच रानात यायची नाहीत. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना ते चाटण दाखवायला न्यायचो, जसं काही मीच मळलंय. फक्त दादा सोबत असले की भेकर दिसायचं ते पळतानाच.

एका उन्हाळ्यात मोठे साहेब येणार असं ठरलं. दादांना नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्याच सहीसाठी अडला होता. आमच्या साहेबांनी बेत आखला: सकाळी मोठ्या साहेबांना चाटणासमोरच्या लपणात बसवायचं, भेकर दाखवायचं, ते खूश झाले की कागद पुढे करायचा.

"बाळाराम, आज टाळी वाजवलीस तर बघ."

"व्हय, सायेब. नाय वाजवनार."

आम्ही चौघं लपणात दाटीवाटीने बसलो. थोड्या वेळाने भेकराची मादी आली, इकडेतिकडे बघून चाटू लागली. मोठ्या साहेबांचा कॅमेरा खटकन वाजला. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा निवांत चाटू लागली.

तेवढ्यात दादा उठले आणि त्यांनी टाळ्या पिटल्या. मादी कुत्र्यासारखी भुंकत झाडीत गेली. कायमची नोकरीही तिच्या मागोमाग गेली असं मी समजलो. आमच्या साहेबांनी तर डोळेच मिटले.

"का हाकललंत?" मोठ्या साहेबांनी शांतपणे विचारलं.

"ती भ्याली नाय, सायेब." दादा म्हणाले. "माझं नवीन लगीन झालेलं तवा सासरवाडीला आमच्या मिठाची गोनी घेऊन गेलो. सासऱ्यानं रानात चाटन घातलं. मना वाटलं, केवढा दयाळू मानूस. रोज बघाया जायचो. एक मादी पार जवळ याया लागली, मानसाला भ्यायचीच नाय. मंग एक दिवस सासरा बंदूक घेऊन आला. ती पळाली पन नाय. मीठ माझं होतं, सायेब."

मोठे साहेब लपणातून बाहेर आले, कागद मागितला आणि माझ्या पाठीवर ठेवून सही केली. लोक खाल्ल्या मिठाला जागतात, हा माणूस घातलेल्या मिठाला जागला. असा माणूस आपल्या कचेरीतला आहे, याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या बढतीचाही कधी वाटला नाही.

साहेब लोक जीपकडे गेले. दादा चाटणापाशी उकिडवे बसले. तिच्या जिभेने गोळ्यावर ओला खळगा पडला होता. त्यावरून ते हळूच अंगठा फिरवत राहिले.

"एवढी वर्सं घालतोय, भाऊसाहेब," ते म्हणाले, "पन चाटताना कशी दिसतात ते त्या मादीनंतर आजच बघितलं. अजून जरा बघायची होती मना."