मधली फळी

विगिलने आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याला "नको" म्हटलं, आणि तेही जेवताना, तोंडात घास असताना. (घास नसता तर कदाचित तो "बरं" म्हणाला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती.)

"नको म्हणजे?" गेबहार्डने सुरी खाली ठेवली.

गेबहार्ड म्हणजे विगिलच्या बायकोचा, बुर्गीचा, थोरला भाऊ. खाली शहरात एका भल्यामोठ्या स्की-कंपनीच्या विक्रीखात्यात साहेब होता. दरवर्षी पानगळ सुरू झाली की गाडीच्या टपावर स्कीच्या जोड्या बांधून तो बहिणीकडे यायचा. गावभर वाटायचा, फुकट. रंग गेल्या वर्षीचे, पण माल कोरा. त्यांवर, वर आणि तळालाही, कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत असायचं की समोरच्या डोंगरावरून वाचता यावं. हिंटरबाख गाव झाडून त्याच कंपनीच्या स्कीवर घसरायचं. डोंगरावरून माणसं उतरताहेत की जाहिराती, हेच कळत नसे.

"नको म्हणजे... यंदा मी कासियानकडून करून घेणार आहे," विगिल म्हणाला. हे ऐकून सगळ्यांत जास्त दचकला तो विगिलच.

कासियान त्याचा बालमित्र. बापाच्या जुन्या गोठ्यात बसून तो हाताने स्की करायचा. गाई केव्हाच गेल्या होत्या, वास तेवढा टिकून होता. हिवाळाभरात मोजक्या जोड्या व्हायच्या आणि त्या घ्यायला कुठकुठून लांबून लोक यायचे. गावातलं मात्र कुणी नाही. गावाला गेबहार्ड होता ना! "यंदा गावातलं एकही पाऊल माझ्या स्कीवर पडलं नाही, तर पाटी उतरवतो आणि तुझ्या मेहुण्याकडे खोकी बांधायला जातो," असं कासियान परवाच हसत हसत म्हणाला होता, आणि ते हसणं विगिलला काही केल्या गिळता येत नव्हतं.

"तो गोठेवाला?" गेबहार्ड खो-खो हसला. "अरे, तो एक स्की घासतोय तोवर आमच्या कारखान्यातून अख्ख्या जिल्ह्याला पुरतील एवढ्या बाहेर पडतात!"

"म्हणूनच," विगिल म्हणाला. (याचा अर्थ त्यालाही नीट ठाऊक नव्हता, पण वाक्य भारदस्त वाटलं.)

"बोलू दे रे जावईबापूंना," सासूबाई बटाटा सोलता सोलता म्हणाल्या. "वर्षातून एकदा बोलतात."

गेबहार्डने जाताना नवी जोडी तरीही पडवीत टेकवून ठेवली. "शहाणपण सुचलं की वापर," म्हणाला.

तसं पाहिलं तर विगिल शहाणपणाच्या वाटेला फारसा जात नसे. डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या पाळण्यांच्या तिकीटखिडकीत बसून तो दिवसभर डोंगराकडे बघायचा. काचेपलीकडे बर्फ पडायला लागलं की याच्या डोळ्यांसमोर एक रिकामा पांढरा उतार यायचा. त्यावर नाव नसलेल्या, आवाज नसलेल्या लाकडी स्की, आणि त्यांवर आपण. दोन्ही बाजूंना देवदार, मधून आपण तरंगत चाललोय, पायाखाली बर्फ नुसतं श्वास घेतंय. तेवढ्यात कुणीतरी काचेवर टकटक करायचं आणि तो एखाद्या दाढीवाल्या जर्मनाच्या हातात लहान मुलाचं तिकीट ठेवायचा.

दुसऱ्याच दिवशी तो गोठ्यात गेला. कासियानने त्याला आधी घट्ट मिठी मारली, मग त्याची उंची घेतली, आणि मग म्हणाला, "वरच्या थराचं लाकूड मात्र तू आणायचंस. माझी रीतच आहे ती. ज्या घरात माणूस राहतो, त्या घरचं लाकूड पायाखाली असलं की स्की आपोआप घराकडे वळते."

आता आली का पंचाईत! विगिल पडला घरजावई. त्या घरात त्याचं म्हणावं असं लाकूड म्हणजे दाढीच्या ब्रशचा दांडा. तो दोन दिवस दारं, कपाटं, पलंगाचे पाय चाचपत हिंडला. बुर्गीला वाटलं, वाळवी शोधतोय. शेवटी माळ्यावर, जुन्या घोंगडीत गुंडाळलेली, ती त्याला सापडली. अक्रोडाची रुंद, जाड फळी. रेघा अशा, की कुणी मधात बोट फिरवावं. एका कोपऱ्यात काळपट गोल डाग. तोही त्याला चंद्रासारखा दिसला. एवढं सुंदर लाकूड घोंगडीत पडून आहे म्हणजे ते कुणाच्याच लक्षात नाही, असा त्याने सोयीस्कर हिशोब केला आणि फळी उचलली.

कासियानने फळीचे पातळ पापुद्रे काढले, आणि पहिलं बर्फ जमलं तेव्हा विगिलच्या हातात त्याचं स्वप्न होतं. तळाला मेण, वर अक्रोड, पुढच्या टोकापाशी चंद्र. तो कामाला जायच्या आधी एकटाच जंगलाच्या वाटेने वर चढला आणि खाली सुटला. आवाज नाही, अक्षर नाही. देवदारांवरचं बर्फ आपलं आपण गळत होतं आणि विगिल त्यातून असा निघाला होता, जणू त्याला वजनच नव्हतं. वळणावर त्याला रडू आलं. चांगलं घळाघळा रडला तो, आणि तसाच हसत घरापर्यंत आला. स्की खरोखरच घराकडे वळल्या होत्या.

मग आला सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. गेबहार्ड बायकामुलांसह आला, मावश्या आल्या, गाणारा मामा आला. दरवर्षी ऐन गर्दीच्या मोसमात विगिल तिकीटखिडकीत अडकलेला असायचा आणि पानं वाढल्यावरच घरी पोचायचा. या वर्षी मात्र त्याने कौतुकाने रजा घेतली होती. गेबहार्डने आणि बुर्गीने टेबलाचे दोन भाग धरून दोन बाजूंना ओढले, मध्ये ही एवढी फट पडली, आणि बुर्गी म्हणाली, "विगिल, जा रे, माळ्यावरून मधली फळी आण."

"कसली फळी?"

"टेबलाची! बाबांची अक्रोडाची. घोंगडीत आहे बघ."

विगिलच्या पायाखालची जमीन सरकली. सणासुदीला हे टेबल लांब होतं हे त्याला ठाऊक होतं, पण ते कसं होतं, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता. तो माळ्यावर गेला, रिकामी घोंगडी झटकली, पुन्हा झटकली, आणि खाली येऊन म्हणाला, "बुर्गी, आज तू टेबलाकडे अजिबात बघायचं नाहीस. सगळं मी मांडणार."

"तू?" बुर्गीचे डोळे भरून आले. "ऐकलंस का आई? विगिल मांडणार!"

आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, अक्रोडाची जोडी आणली, पडवीतली कंपनीची जोडीही आणली, आणि चारही स्की फटीवर लांबीने, पुलासारख्या, उपड्या टाकल्या. बुटांच्या पकडी फटीत लोंबल्या, गुळगुळीत तळ वर आले. त्यावर घोंगडी, घोंगडीवर पांढरीशुभ्र चादर. लांबून पाहिलं तर टेबलच. फक्त उपड्या स्कीची वाकडी टोकं टेबलावर टेकली होती, त्यामुळे सासूबाईंकडची बाजू जराशी उंच आणि गेबहार्डकडची जराशी सखल झाली होती. नवशिक्यांना शिकवायला अगदी बेताचा उतार.

मंडळी बसली. बुर्गीने सूपचं भलंमोठं भांडं आणून आईसमोर ठेवलं. त्यात वाफाळते क्न्योडल, पावाचे हे मोठे गोळे, तरंगत होते. मामाने गाणं सुरू केलं, आणि भांडं निघालं.

घाईने नव्हे. मोठ्या डौलात निघालं. मेण विगिलने आदल्याच दिवशी मन लावून घासलं होतं. चादर, घोंगडी आणि भांडं मिळून मावशीसमोरून गेले, मामासमोरून गेले. सगळे नुसते माना वळवून बघत होते. विगिललाही क्षणभर विसर पडला. किती सुरेख चाललंय, असंच त्याच्या मनात आलं. मग भांडं गेबहार्डच्या मांडीवर उतरलं.

"मेलो!" गेबहार्ड ओरडला. उठताना त्याने चादर ओढली, आणि त्याच्या नाकासमोर त्याच्याच कंपनीचं नाव आलं, हातभर अक्षरांत. "हे... आमचं नाव इथे काय करतंय?"

"आधार देतंय," विगिल म्हणाला.

बुर्गी मात्र हसली नाही. तिने शेजारची जोडी उचलून सुलटी केली आणि त्या काळ्या चंद्रावर बोट ठेवलं. "हा बाबांच्या कॉफीच्या किटलीचा डाग आहे," ती हळूच म्हणाली. "विगिल, बाबांची फळी तू कापलीस?"

विगिलला वाटलं, आता उतार संपला, पुढे कडा आहे. "मला माहीत नव्हतं गं," तो म्हणाला. "खूप सुंदर होती. आणि मला एकदाच, फक्त एकदाच, स्वतःचं काहीतरी हवं होतं." बुर्गीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या डागाकडे पाहिलं, आणि ती आईकडे वळली.

सासूबाई स्कीवरून हात फिरवत होत्या. "जन्मभर या फळीने माझा जीव घेतला," त्या म्हणाल्या. "ती माळ्यावरून खाली आली की वीस जणांचा स्वयंपाक आलाच. बरं झालं कापली. आता सांगा, टेबल कुणाचं?"

"तुझं, आई," बुर्गी म्हणाली.

"फळी कुणाची?"

"तुझीच."

"मग स्की कुणाच्या?"

सासूबाई उठल्या, स्कीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांची आणि जावयाची उंची तंतोतंत सारखी आहे, ही गोष्ट इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात आली नव्हती.

महिनाभरात सासूबाईंनी डोंगर गाजवला. ऐंशी वर्षांची बाई देवदारांमधून आवाज न करता येते म्हटल्यावर गाव बघतच राहिलं. जो तो घरातली दारं-कपाटं काढून कासियानच्या गोठ्यासमोर रांगेत उभा. विगिललाही नंबर मिळाला. पुढच्या हिवाळ्याचा. बुर्गीने त्याला माफ केलं, पण टेबलाची फट भरून दे म्हणाली, तेव्हा कासियानने पडवीतली कंपनीची जोडी कापून, चिकटवून नवी मधली फळी करून दिली. आता सणाला विगिलच्या ताटाखाली हातभर अक्षरं असतात.

शेवटी त्याने गेबहार्डला फोन केला. "काय रे," त्याने अगदी सहज विचारलं, "यंदाचे रंग काय आहेत?"

"सगळे संपले बाबा. तूच नको म्हणाला होतास ना! एक जोडी उरलीय. गुलाबी."

त्या रविवारी विगिल उतारावर गेला. बर्फ भुरभुरत होतं, देवदार गप्प होते, आणि त्याने डोळे अर्धे मिटून घेतले. पायाखाली काय आहे ते दिसलं नाही, तर स्वप्न अजून चालण्यासारखं होतं. तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून, अक्रोडाच्या जोडीवर उभ्या असलेल्या सासूबाईंची खणखणीत हाक आली.

"जावईबापू, नाव इथवर वाचता येतंय हो! तेही चष्मा न लावता!"