हो तो राग न्हय!

बाबली कंडक्टरकडून पुस्तक घेणं सोपं होतं. परत करणं महाकठीण. तुम्ही पुस्तक पुढं केलंत की तो ते हातात घेतच नसे. तिकिटांची पेटी काखेत दाबायचा, भुवया कपाळावर चढवायचा आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "राग इलो?"

'नाही' म्हटलं की पुस्तक परत तुमच्याच मांडीवर. 'आला' म्हटलं की पुढचा प्रश्न, "कोणाचो?" आणि तुम्ही कुणाचंही नाव घ्या, निकाल ठरलेला. मान हलवून म्हणायचा, "हो तो राग न्हय!" म्हणजे, हा तो राग नव्हे. मग परीक्षकासारखं तोंड करून पुढच्या सीटवर तिकिटं फाडायला निघून जायचा.

मी तेव्हा पेडण्याहून मोरजीच्या शाळेत शिकवायला जात असे, ती बाबलीच्या कारेरीनं. कारेर म्हणजे आमच्याकडची खाजगी बस. बाबली राहायलाही आमच्यापासून दोन घरं सोडून. पन्नाशीचा, सडाफटिंग, अंगानं काटकुळा आणि आवाजानं तिप्पट. त्याला मी कधी हळू बोलताना ऐकलेलं नाही. कोंबड्यांनासुद्धा तो ओरडूनच दाणे टाकी.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या आसपासची ही गोष्ट. कोकणी की मराठी, यावर कारेरीत रोज रणकंदन व्हायचं. बाबली कट्टर मराठीवाला. "मराठीच आमची मांयभास!" असं तो गरजायचा, आणि हे गरजणं, तुमच्या लक्षात आलंच असेल, शुद्ध पेडण्याच्या बोलीत. मागच्या सीटवरचे पोस्टमास्तर कट्टर कोकणीवाले. ते बाबलीला खोडून काढणारी पत्रं वर्तमानपत्राला पाठवत, तीही अगदी ऱ्हस्वदीर्घ तपासून, मराठीत! कुणाला हसायचं आणि कुणाला नाही, तेच कळत नसे. मी आपली खिडकीबाहेर बघत बसे.

तर ते पुस्तक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चणेवाल्यानं पुड्या बांधायला घेतलेल्या रद्दीतून बाबलीनं ते सोडवलं होतं. कव्हर नव्हतं, पहिली आठ पानं चण्यांबरोबर गेलेली. सगळे त्याला 'बोटीचं पुस्तक'च म्हणत. एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलेली खरीखुरी हकिगत, कुणीतरी मराठीत आणलेली. मालाची बोट बुडते, सात माणसं एका होडक्यात एकोणीस दिवस समुद्रावर काढतात आणि तिघं वाचतात. बाबली ते पुस्तक पेडण्याला एकाच्या हातात द्यायचा, मोरजीला दुसऱ्याच्या. आमच्या रस्त्यावर ते वाचलं नाही असं घर उरलं नव्हतं. आणि प्रत्येकाची परीक्षा व्हायचीच.

मोरजीचा एक रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा मासेमार, राग घेऊन आला तो होडक्यातल्यांनी मारून खाल्लेल्या कासवावरून. "अंडी घालूक इल्ली मादी ती! तिका मारूक हात कसो उठलो मेल्यांचो?" सगळ्या बसनं माना डोलावल्या. बाबली म्हणाला, "हो तो राग न्हय."

पोस्टमास्तरांना राग आला होता तो भाषांतरातल्या अनुस्वारांचा. "तोय न्हय!"

तिठ्यावरच्या दारूवाल्याचा राग सगळ्यांत खरा होता. होडकं हलकं करायला त्या लोकांनी रमचं पिंप समुद्रात टाकलं होतं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबलीनं त्यालाही नापास केलं.

माझी परीक्षा तीनदा झाली. पहिल्यांदा मी म्हटलं, राग नाही बाबा, रडू आलं. "रडूक कोणी सांगलां?" म्हणून पुस्तक परत. दुसऱ्यांदा बोटीच्या कप्तानावर राग धरून पाहिला. नापास. तिसऱ्यांदा माझंच डोकं फिरलं. वीस वर्षं पोरांना नापास करणारी बाई मी, आणि हा तिकिटं फाडणारा माणूस मला भर बसमध्ये तिसऱ्यांदा त्याच इयत्तेत बसवतो म्हणजे काय! मी ओरडले, "आला राग! तुझा आला!"

बस हसून हसून लोळली. बाबली हसला नाही. पुस्तक माझ्या पिशवीत ठेवत म्हणाला, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमी तरी नीट वाचा."

त्या वेळी मला तो उद्धटपणा वाटला. बरं, मी नीट वाचलं नव्हतं असंही नाही. त्यातला एक उतारा तर मी चौथीच्या वर्गाला शुद्धलेखनाला घातला होता. होडक्यात एक गोव्याचा स्वयंपाकी होता, त्याच्याबद्दलचा. अधिकारी लिहितो: 'तापाने फणफणलेला माणूस मागेल तेव्हा त्याला पाण्याचा एक घोट जादा द्यायचा, असा आमचा नियम होता. स्वयंपाक्याने मात्र शेवटपर्यंत काहीही मागितले नाही. तीन दिवस तो केवळ "यूडॉक, यूडॉक" एवढेच पुटपुटत होता. ते त्याच्या पत्नीचे नाव असावे. इतका सोशिक मनुष्य मी पाहिला नाही.' मी मुलांना म्हटलंसुद्धा, बघा, सोशिकपणा म्हणजे काय ते बघा. दोघीतिघींनी त्या पत्नीसाठी हळहळूनही घेतलं.

त्या संध्याकाळी मी ते चौथ्यांदा काढलं. सासूबाई स्वयंपाकघरात विळीवर भाजी चिरत होत्या. त्यांना अक्षर येत नाही आणि गोष्टीची भारी हौस, म्हणून मी मोठ्यानं वाचत होते. दिवसभर वर्गावर ओरडून जीभ जड झालेली. 'यूडॉक' हा शब्द माझ्या तोंडून तसा सुबक निघाला नाही. 'उडोक, उडोक' असं काहीतरी निघालं, आणि मी पुढं गेले.

सासूबाईंचा हात थांबला. "काय म्हणता गो तो?"

"बायकोचं नाव घेतोय, आई."

"कसली बायको?" त्या विळीवरून उठल्याच. "अगो, उदक मागता तो! उदक, उदक म्हणता! दियात रे मेल्यांनो त्याका! तापात माणूस आवयचीच भास उलयता!"

मी ते पान पुन्हा वाचलं. मनात नाही, मोठ्यानं. आणि मग मला जो राग आला, तो आजतागायत गेलेला नाही.

अरे, तीन दिवस! होडक्यात पाणी होतं. मागणाऱ्याला द्यायचा नियम होता. हा मागत होता, न थांबता मागत होता, आणि ते सगळे त्याच्या सोशिकपणाचं कौतुक करत बसले होते! त्या अधिकाऱ्याचा राग आला. ते पुस्तक मराठीत आणणाऱ्या शहाण्याचा आला, ज्यानं गोव्यातल्या एखाद्या कुत्र्याला जरी विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. उदक आम्ही दिवसातून शंभरदा म्हणतो, आणि छापलेलं समोर आलं की वीस वर्षांची मास्तरीण ते ओळखत नाही. सोशिकपणा म्हणून पोरांकडून घोटवून घेते! त्या दोघांपेक्षा मला माझाच राग जास्त आला. कोकणी आणि मराठी म्हणून रोज एकमेकांची डोकी फोडणाऱ्या आमच्या कारेरीत तो शब्द कुणाच्याही कानावर पडला नव्हता.

मी चपला न घालता बाबलीकडे गेले. तो पडवीत बसून कंदिलाची काच पुसत होता. मी पुस्तक पुढं केलं. त्यानं तोंड उघडायच्या आधीच म्हटलं, "तो पाणी मागत होता, बाबली."

त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग, पहिल्यांदाच, त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुमका कोणी सांगला?"

"कुणी नाही. सासूबाईंनी ऐकलं. मी वाचत होते, त्यांनी ऐकलं."

"आपसूक?"

"आपसूक."

त्यानं काच जमिनीवर ठेवली. "माका वाटलां, माका एकट्याकच तसा ऐकू येता. माझ्याच कानांचो दोष. मी आधी सांगलंय असतंय, तर तुमी सगळ्यांनी कीव करून 'हय' म्हटला असतात. म्हणान सांगूक नाय कोणाक. कोणाक तरी आपणानच राग येवंक होयो होतो."

मी म्हटलं, "पण बाबली, तुला एवढं का..."

"माझो थोरलो भाव तो. गोपाळ." पुस्तकाकडे न बघता तो बोलत होता. "वास्कोसून बोटीर चडलो, कुक म्हणान. मागीर कंपनीचा पत्र इला, बोट बुडाली, माणूस गावूक नाय. बोटीचा नाव पत्रात होता, ताच ह्या पुस्तकात आसा. त्याचा लगीन खंय झाला होता, बाई! बायल खंयची! उदक मागता मागता मेलो, आणि ह्यांनी त्या उदकाचीच बायल करून टाकली." त्यानं मूठ जमिनीवर आपटली. आवाज पुन्हा चढला, पण पहिल्यासारखा नाही. तो रडत होता.

माझाच राग निवलेला नव्हता, त्याला धीर कसला देणार? तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. कमरेत वाकलेल्या, एका हातात काठी, दुसऱ्यात पाण्यानं भरलेला तांब्या, अर्धा वाटेत हिंदकळलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं की नाही, ठाऊक नाही. बाबलीला एवढंच विचारलं, "नाव काय रे त्याचा?"

"गोपाळ."

अंगणात पडवीच्या कडेला माड होता. सासूबाई त्याच्या मुळाशी गेल्या, काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी तांब्या वाकवला. "घे रे गोपाळा, पी," म्हणाल्या.

बाबली पडवीवरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. पाणी धो धो पडू लागलं तसा त्यानं सासूबाईंचा हात धरला.

"सवकास, आये," तो म्हणाला. "सवकास ओत. तीन दिसांचो तानेलो आसा तो."