निर्मलाताईंच्या लाइनवरचं दुखणं

निर्मलाताईंच्या लाइनवर आजारी पडायला परवानगी नव्हती. वाळूजच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम चालायचं, आणि ताई त्या लाइनच्या प्रमुख. सकाळी बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पोरीचा चेहरा त्या निरखायच्या. कुणी डोकं दुखतं म्हणालं की कमरेच्या बटव्यातून ओवा काढून तिच्या तळहातावर ठेवायच्या. पोट दुखलं तरी ओवा, दाढ दुखली तरी ओवा. "दुखणं घरी ठिवून यायचं," हे वर. स्वतः डबासुद्धा उभ्यानं खायच्या. बसलं की गुडघ्यांना नाद लागतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा साहेबांना शिंक आली, तर त्यांच्याही हातावर ओवा पडला, आणि साहेबांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

त्या उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली. लाइनचा वेग वाढला, चहाची सुट्टी अर्ध्यावर आली, रजा बंद झाल्या. पोरी आपसात बोलेनाशा झाल्या. अशातच बिडकीनची रेश्मा हात बधिर झाले म्हणत कोसळली. तिला उचलतोय तोवर शेजारची पडली, मग समोरची. कुणीतरी म्हणालं, गॅस गळलाय. ते ऐकून आणखी काहीजणी धापा टाकायला लागल्या. ताई ओवा घेऊन धावल्या, नखरे करू नका म्हणून ओरडल्या, आणि ओरडता ओरडता त्यांचीच बोटं वळली. ताईंना खाली बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

हवा तपासली, सगळ्यांचं रक्त तपासलं. काही सापडलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की हे विष नाही, पण सोंगही नाही. ताण फार साचला की तो अंगावर उतरतो, आणि एकीला बघून दुसरीलाही होतं. त्रास मात्र खराच असतो.

साहेबांना त्यातलं एवढंच ऐकू आलं, की रिपोर्टात काही नाही. त्यांनी ताईंना बोलावलं. पोरींनी नाटक केलं असं तुम्हीच सांगा, तुमचं सगळे मानतात, असं ते म्हणाले. मी तिथंच उभी होते.

"साहेब, मी बी पडले," त्या म्हणाल्या. "मला नाटक येत नाय."

पुढं वेग कमी झाला, चहाची सुट्टी पहिल्यासारखी झाली. पडणं थांबलं. रेश्मा मात्र परत आली नाही. तिला बाहेरचं लागलंय म्हणून घरच्यांनी अंगारे-धुपारे चालवले होते.

एका रविवारी ताई मला घेऊन बिडकीनला गेल्या. आपली बोटं कशी वळली ते त्यांनी रेश्माच्या वडिलांना करून दाखवलं. वडिलांनी ऐकून घेतलं, चहा दिला, पण पोरीला आता कामावर धाडणार नाही म्हणाले. रेश्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती. ताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दुपार सरली. निघताना रेश्मानं त्यांचा पदर धरला. तो सोडवून घ्यायला ताईंना फार वेळ लागला.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "माझी लेक गेली तव्हा मी लगेच कामावर आले व्हते. लाइनवर उभी राहिले. कुणी काय इचारलं नाय."

ताईंना लेक होती, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी तिचं नाव विचारलं.

"बारसं व्हायचं व्हतं," ताई म्हणाल्या.