समुद्र, डोसा आणि गाठोडी

मोतीरामने मुंबईला जायचं ठरवलं ते पंजाबरावांमुळे. पंजाबराव मागच्या वर्षी मुंबईला जाऊन आले होते आणि तेव्हापासून डोणगावच्या पारावर दुसऱ्या कुणाला बोलू देत नव्हते. "समुद्र नाही पाह्यला अन् हाटेलात बसून दोसा नाही खाल्ला, तर मुंबईले जाऊन केलं काय?" असं ते विचारत. डोसा कसा असतो हे हातांनी गोल करून दाखवत. "पुरीवानी टम्म फुगते. आतमंदी गोड सारन. दुधात कुस्करून खा लागते."

शेवटी न राहवून एका संध्याकाळी मोतीराम म्हणाला, "मळ्यातली वांगी निघाली की मीबी जातो. दोन्ही करून येतो. नाही केलं तर या पारावर बसनार नाही."

इथेच चुकलं. मुंबईला जायचं असेल तर ते गावात बोलू नये. दुसऱ्या सकाळी झुंबरबाई पापडांचं गाठोडं घेऊन दारात उभी. "माह्या पोराले कुर्ल्याले एवढं देऊन येजो बापू." तिच्यामागे शेवया आल्या, लोणचं आलं, तुरीची डाळ आली. नाही म्हणायची सोय नव्हती. गाठोडं दारातून देऊन परतायचीही सोय नव्हती. ज्याच्या घरी नेलं त्याच्या घरी जेवायचं. आणि गावची माणसं शहरात असताना हॉटेलात जेवलेला माणूस तर पुढे दहा वर्षं लोकांच्या बोलण्यात राहायचा.

मोतीरामची बायको कौशल्याबाईही सोबत निघाली. "मले काय करा लागते तो समुद्र," ती म्हणाली. "मी आपली परेलले भावाच्या घरी वयनीसंग बोलत बसीन."

मुंबईत उतरल्यावर कौशल्याबाईला परेलला सोडून मोतीराम आधी कुर्ल्याला गेला. झुंबरबाईच्या मुलाला त्याने पापड दिले आणि आपल्या मळ्यातली वांगीही दिली. तीच वांगी तासाभरात भाजी होऊन त्याच्या ताटात आली. सोबत भाकरी, ठेचा आणि आग्रह.

"जेवन झालं, आता समुद्र पाहून येतो," मोतीराम म्हणाला.

"थो समुद्र कुठी पयून चालला? जरासक आडवे व्हा," मुलगा म्हणाला. मोतीराम आडवा झाला आणि उठला तेव्हा दिवे लागले होते. निघताना मुलाने हातात पिशवी दिली. "यातले अर्धे पापड भांडुपले आमच्या मावशीले टाकून द्या."

भांडुपलाही त्याने नेलेल्या वांग्यांचीच भाजी होती. तिथून घाटकोपरला शेवया पाठवल्या गेल्या. मोतीराम गाठोडं पोचवायचा, जेवायचा आणि नवं गाठोडं घेऊन निघायचा. आणलेल्यापेक्षा मुंबईतच जास्त गाठोडी जमली. मुंबईभर फिरून त्याला दिसली ती आपल्याच मळ्यातली वांगी, आणि बिचाऱ्याला रडायला यायचं बाकी राहिलं होतं.

परतीच्या दिवशी सकाळी मेव्हण्याच्या घरात कुणाला न सांगता तो दादरच्या एका हॉटेलात घुसला. टेबलाशी बसून हळूच म्हणाला, "एक दोसा. दुधासंग." तेवढ्यात खांद्यावर हात पडला. डोणगावचा सहदेव पाण्याचे पेले घेऊन उभा होता.

"मोतीरामदादा, तुमी हाटेलात? माह्यं घर मांगच्या गल्लीत असून?"

"तू इथंच कामाले हायेस ना? मंग इथंच आनून दे ना बापू."

"गावचा मानूस हाटेलात जेवला असं मायले समजलं तर ते मले जित्ता ठेवीन काय?" असं म्हणत सहदेवने त्याला उठवलं आणि हाताला धरून घरी नेलं. तिथे वांग्याची भाजी होती. खाऊन मोतीराम परेलहून कौशल्याबाईला घेऊन तडक गाडीला पळाला.

गावी परतल्यावर संध्याकाळी सगळा पार वाट पाहत होता. "मंग? दोसा?" पंजाबरावांनी विचारलं.

मोतीरामने जमिनीकडे बघितलं. पारावरची जागा जायला नको होती. "पुरीवानी टम्म फुगते," तो म्हणाला. "आतमंदी गोड सारन. दुधात कुस्करून खाल्ला." पंजाबरावांनी खुशीत मान डोलवली.

देवळातून परतणारी कौशल्याबाई तिथेच थांबली. "काऊन खोटं बोलून राह्यले? दोसा पातळ असते, कुरकुरीत. आतमंदी आलूची भाजी. दुधात नाही, चटनीसंग खातेत."

"तुले काय माहीत?"

"तुमी गाठोडे पोचवून राह्यले होते, तवा वयनी मले रोज समुद्रावर नेत होती. येताना दोसा." एवढं सांगून ती घराकडे चालू लागली.

मोतीरामने सावकाश पंजाबरावांकडे तोंड वळवलं. "पंजाबराव, मांगच्या साली तुमी किती गाठोडे नेले होते?"

पंजाबराव वर्षभरात पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलले, "वांग्याचं तर नावच काढू नको."

तेवढ्यात पाराच्या कडेला बसलेला कडूबा खाकरला. "मी पुढच्या महिन्यात मुंबईले जाऊन राह्यलो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सरकून कडूबाला मध्ये जागा करून दिली.

"जा बे, खुशाल जा," मोतीराम म्हणाला. "समुद्र पाह्य, दोसा खा. अन् जाऊनच राह्यला तर सहदेवच्या घरी एवढी वांगी टाकजो."